सज्जावर नवीन आलेल्यांसाठी : चार्ज, दप्तर आणि शेजारचा तलाठी

2020 साली लातूर जिल्ह्यात मांजरा नदीकाठच्या एका सज्जाचा (सज्जा म्हणजे एका तलाठ्याकडं असलेली गावं) चार्ज घेतला, तेव्हा आधीच्या तलाठ्यांनी मला दप्तर मोजून दिलं. गाव नमुने (गावच्या महसुलाच्या ठराविक नोंदवह्या), फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल लिहायच्या नोंदवह्या, पावती पुस्तकं, कपाटाची किल्ली. चार्ज यादीवर दोघांच्या सह्या झाल्या, चहा झाला, ते गेले. यादीत एक ओळ चुकीची नव्हती. फक्त एका गावात बाप वारल्यावर भावांनी बहिणीचं नाव वगळून वारस लावायची घाई चालवलीय आणि ती बहीण दोनदा चावडीवर येऊन रडून गेलीय, हे यादीत बसणारं नव्हतं.

महिन्याभरात ते भाऊ शपथपत्र घेऊन आले, मी नोंद धरली. नोटिशीच्या 15 दिवसांत बहिणीची हरकत आली, नोंद तक्रारी झाली, म्हणजे वादात अडकली. मंडळ अधिकाऱ्यांनी चार लोकांत विचारलं, "गावात चौकशी केली होती का?" केली नव्हती. चूक माझीच. पण जाणाऱ्यानं चहा पिता पिता एक वाक्य टाकलं असतं तर?

2023 च्या 4,644 पदांच्या भरतीतून आलेल्या पोरापोरींना मी हेच सांगतो. जमीन महसूल संहिता तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ आहे. पदाचं नावही आता ग्राम महसूल अधिकारी झालंय (गावात विचाराल तर अजून तलाठीच). पण या कामातलं निम्मं ज्ञान कुठल्याच नमुन्यात लिहिलेलं नसतं. ते माणसाकडं असतं, आणि तो द्यायचं की नाही ते ठरवतो.

मला ते देणारा माणूस शेजारच्या सज्जावर होता. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. तक्रारी नोंदीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "काय करायलास रे? डबा घेऊन ये हिकडं." भाकरी खाता खाता त्यांनी सांगितलं: वारसाचं काम आलं की आधी कोतवालाला विचार, मग पोलीस पाटलाला, अर्जदाराला सगळ्यात शेवटी. आणि "लेकी किती?" हे विचारायला लाजू नको.

2023 च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायचं काम आलं. मराठवाडाभर निजामकाळातली दप्तरं बाहेर निघाली; काही मोडीत, काही उर्दूत. ज्याला मोडी येत होती त्याचा भाव त्या दिवसांत वाढला होता. आप्पांनी स्वतःचा भाव स्वतःच पाडला. रोज दुपारी जेवणानंतर तासभर आम्हा पाच-सहा जणांना बसवून अक्षरं गिरवायला लावली. आम्हाला मोडी आली असं म्हणणार नाही, पण पानातला हवा तो शब्द डोळ्याला सापडायला लागला.

आता माझी गोष्ट, जी सांगायला मला आवडत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये मांजरा धरणाचे दरवाजे उघडले आणि काठचं सोयाबीन पाण्याखाली गेलं. कृषी सहायक, ग्रामसेवक आणि मी, तिघांनी चिखल तुडवत पंचनामे केले. 33 टक्क्यांच्या वर नुकसान असलेल्यांच्या याद्या एक्सेलमध्ये करायच्या होत्या: नाव, गट, बाधित क्षेत्र, खाते क्रमांक, आयएफएससी. मी एक शीट बनवली होती. दुबार नाव आलं की लाल व्हायचं. बैठकीत तहसीलदारांनी कौतुक केलं. त्याच संध्याकाळी बाजूच्या सज्जावरच्या मॅडमनी ती शीट मागितली. मी "पाठवतो की" म्हणालो आणि पाठवली नाही. कौतुक ताजं होतं, दुसरं कारण नाही. त्यांची यादी दोनदा परत आली.

जानेवारीत वडील दवाखान्यात होते. आठ दिवस माझ्या गावांचा चार्ज त्याच मॅडमकडं होता. परत आलो तर एक अर्ज पडून नव्हता. आभार मानायला गेलो, तर म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाही केलं. लोकं चकरा मारायलेत, ते बघवंना." मग मी ती शीट पाठवली. त्यांचं उत्तर आलं, "आता काय लोणचं घालू का हिचं?" त्यानंतर काही बनवलं की आधी तालुक्याच्या ग्रुपवर टाकतो, कौतुक व्हायच्या आत.

एक गोष्ट मात्र कुणालाच देऊ नका: डीएससीचं डोंगल, म्हणजे आपली डिजिटल सही असलेलं यंत्र. एका मित्राच्या डोंगलची मुदत संपली होती, फेरफार तुंबले होते, म्हणाला, "दोन तासांपुरतं दे." मी नाही म्हटलं. रात्री अकरापर्यंत त्याच्यासोबत बसून कागद लावले, मुदतवाढीचा अर्ज भरून दिला, डोंगल खिशातच ठेवलं. तो आठवडाभर बोलला नाही. चालतं. वेळ माझा आहे, तो देता येतो. सही सरकारनं दिलेली आहे.

आणि साहेबांपुढं कोतवालाचं नाव घ्या. पुराच्या रात्री घराघरांत जाऊन माणसं उठवणारा तोच असतो, फोटोत मात्र कधी नसतो.

माझी बदली झाली तेव्हा चार्ज यादीसोबत चार पानं हातानं लिहून दिली. कुठल्या पाणंद रस्त्यावरून दर पावसाळ्यात भांडण होतं, कुठल्या वस्तीवर नेटवर्क नाही, कुठल्या खातेदाराला ऐकू कमी येतं म्हणून त्याच्या सुनेला फोन करायचा, कोण सही करायला पुण्याहून येतो आणि त्याला एकाच खेपेत मोकळं करायचं. नव्या मॅडमनी पानं उलटत विचारलं, "एवढं कशाला लिहिलंत, सर?" मी त्यांना वारसाच्या नोंदीचा किस्सा सांगितला. चौथ्या पानावर तेवढंच होतं: ते प्रकरण प्रांताधिकाऱ्यांकडं अपिलात आहे. ती बहीण दर महिन्याला चौकशीला येते, लांबून चालत येते. आधी पाणी द्या.