काट्यावर प्रोग्रॅम बसवण्याआधी

रावेर-सावद्याकडे केळीच्या गाड्या काट्यावर लागण्याआधी तिथे वजनाचा प्रोग्रॅम बसवायचा असेल, तर जळगावहून निघण्यापूर्वीच कोड एकदा नीट बघून घ्या. प्रत्येक काट्याचा सिरीयल पोर्ट (काटा संगणकाला जोडणारी वाट) उघडून आपण तो सी शार्पच्या डिक्शनरीत, म्हणजे 'की' दिली की तिची वस्तू देणाऱ्या यादीत, ठेवतो. तो बंद कोण करणार, हे सगळ्यात आधी ठरवा आणि त्या क्लासच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये लिहा. डिक्शनरी ते करत नाही. रिमूव्ह किंवा क्लिअर केलं की नुसती नोंद जाते, पोर्ट उघडाच राहतो. नको असलेली मेमरी गोळा करणारा गार्बेज कलेक्टरही स्वतःहून डिस्पोज (पोर्ट बंद करून मोकळा करणं) करत नाही, आणि ऑब्जेक्ट गोळा होताना चालणारा फायनलायझर कधी चालेल याचा नेम नाही. तोवर तोच पोर्ट पुन्हा उघडायला गेलात की 'ॲक्सेस डिनाइड', आणि बाहेर शेतकरी माल घेऊन उन्हात उभा.

तेव्हा मालक एकच क्लास ठेवा, तोच आयडिस्पोजेबल (ज्याला डिस्पोज आहे असा) करा, डिक्शनरी त्याच्या आत प्रायव्हेट. बाकीच्यांनी पोर्ट वापरावा, त्याला यूझिंग लावू नये, ते काम संपताच पोर्ट डिस्पोज करतं. त्याच की-वर नवा पोर्ट ठेवायचा तर आधी जुना डिस्पोज करा, मगच नवा उघडा.

खरा वेळ सुरुवातीच्या लोडिंगला द्या, कारण तिथे कोणी बघतच नाही. तिसरा काटा उघडताना एक्सेप्शन (चालू कामातली चूक) आला तर आधीचे दोन कोणाच्या हवाली? लिंकच्या (LINQ, सी शार्पमधली याद्या हाताळायची सोय) सिलेक्टमध्ये पोर्ट तयार करू नका: ती यादी जितक्यांदा फिरवाल तितक्यांदा नवे ऑब्जेक्ट बनतात. टूलिस्टने ती एकदाच फिरवून पक्की केली तरी भागत नाही. मध्येच अडलं तर आधी उघडलेले हाती लागत नाहीत. साधा फॉरईच लिहा, उघडलेला प्रत्येक पोर्ट लगेच लिस्टमध्ये टाका, आणि कॅचमध्ये ते सगळे बंद करून तोच एक्सेप्शन पुढे जाऊ द्या.

दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) असतील तर कॉन्करंट डिक्शनरीच्या गेटऑरॲडवर (की असेल तर जुनी वस्तू, नसेल तर नवी) विसंबू नका. त्यातलं फॅक्टरी फंक्शन एकाच की-साठी दोनदा चालू शकतं. पहिल्यांदा मागितल्यावरच व्हॅल्यू बनवणारं लेझी वापरा, आणि बंद करताना व्हॅल्यू खरंच तयार झाली होती का ते बघून डिस्पोज करा.

मालक क्लास डॉटनेटच्या डीआय कंटेनरकडे (ऑब्जेक्ट बनवून पुरवणाऱ्या सोयीकडे) देणार असाल, तर तो स्वतः बनवलेलं बंद करतो, तुम्ही बनवून दिलेला ऑब्जेक्ट नाही.

बंद करण्याच्या लूपमध्ये प्रत्येक डिस्पोजला वेगळा ट्राय द्या. यूएसबीची केबल निघालेली असेल तर डिस्पोजच एक्सेप्शन फेकू शकतं, आणि त्यापायी पुढचे काटे उघडे राहता कामा नयेत. चुका गोळा करून शेवटी लॉगमध्ये टाका. शेवटी ऑफिसातच केबल काढ-घाल करा आणि टास्क मॅनेजरमध्ये हँडलचा (प्रोग्रॅमने उघडून ठेवलेल्या गोष्टींचा) आकडा चढत जातो का ते पाहा. चढत असेल तर गाडी काढू नका.