"काका, कसा आलाय?"

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास माझ्या स्टुडिओच्या पायरीवर तीन-चार पोरं हमखास बसलेली असतात. कोल्हापुरात शिवाजी पेठेत पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे फोटो काढत सत्तावीस वर्षं काढली, त्यामुळे काकांना फोटोतलं सगळं कळतं असा त्यांचा समज. मोबाइल पुढं धरतात आणि विचारतात, "काका, कसा आलाय?"

यावर "नाद खुळा!" म्हणून चहा सांगणं सगळ्यात सोपं. पोरगं खूश होतं आणि पुढच्या रविवारी तसलाच फोटो घेऊन येतं. सात चुका मोजून दाखवणंही सोपंच. ते मी एकदा केलंय. एका पोरानं पंचगंगा घाटावरच्या म्हशींचा फोटो आणला होता. चौघांच्या देखत मी म्हणालो, "मागं एवढा कचरा कशाला घेतलास?" कचरा होता, त्यात खोटं काही नाही. पण त्या पोरानं आठ महिने पायरी चढली नाही. त्यानंतर मी बोलायची पद्धत बदलली, ती सांगतो.

फोटो हातात आला की लगेच तोंड उघडू नका. आधी स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा, कारण उन्हात मंद स्क्रीनवर प्रत्येक फोटो काळाच दिसतो. मग हात लांब करून बघा. मग मोबाइल उलटा धरून बघा. डार्करूममध्ये प्रिंट उलटी करून बघायची माझी सवय अजून गेलेली नाही. उलट्या फोटोत माणूस, देऊळ, म्हैस पटकन ओळखू येत नाही. उजेडाचे आणि अंधाराचे तुकडे तेवढे दिसतात, आणि नजर कुठं ओढली जाते ते कळतं. व्हॉट्सॲपवर फोटो मागवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साधा पाठवला की तो दाबून लहान होतो, आणि शटर किती वेळ उघडं होतं, आयएसओ म्हणजे उजेड किती वाढवून घेतला, ही माहितीही त्यातून निघून जाते. ती नसेल तर वैद्यानं नाडी न बघता औषध देण्यासारखं होतं.

बोलताना पहिलं वाक्य तुमच्या नजरेबद्दल असू दे. गेल्या हिवाळ्यात एक पोरगा करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळाचा फोटो घेऊन आला. काहिलीत रस उकळतोय, गुळव्या वाकून ढवळतोय, सगळीकडं वाफ. मी म्हणालो, "माझी नजर आधी कोपऱ्यातल्या निळ्या बॅरलवर गेली. तिथनं गुळव्याकडं आली."

"बॅरल? मला दिसलंच नव्हतं की."

"असू दे. तुला काय दाखवायचं होतं?"

तो जरा थांबला. "वाफ. त्या वाफेतनं आबांचं तोंड एकदम दिसतं आणि परत जातं, ते."

आता माझं काम सोपं झालं. हा प्रश्न विचारला नसता तर मी बॅरलवरच प्रवचन दिलं असतं, आणि त्याचं दुखणं वेगळंच होतं. त्याच्या फोटोतली वाफ राखाडी होती, धुणं वाळत घातल्यासारखी. कारण साधं आहे. कॅमेऱ्याला पांढरं काय, काळं काय ते कळत नाही. समोरचं सगळं तो मध्यम राखाडीच्या हिशोबानं मोजतो. अर्धी चौकट पांढऱ्या वाफेनं भरली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडतो. मी त्याला सांगितलं, "आबांच्या तोंडावर बोट टेक, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं वर सरकव. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचं माप, अधिक एक कर." बॅरलचं दुसऱ्यांदा काही बोललो नाही. नजर तिथं जाते हे त्याला आता ठाऊक होतं.

एका फोटोवर एकच दुरुस्ती. तालमीत वस्ताद नव्या पोराला ढाक, धोबीपछाड आणि घिस्सा हे डाव एकाच सकाळी शिकवत नाही. आठवडाभर पायच कसे ठेवायचे ते बघतो. दुरुस्तीही अशी निवडा की त्याला ती उद्याच करून बघता येईल. 'कंपोझिशन सुधार' याला काही अर्थ नाही. 'दोन पावलं डावीकडं सरक, म्हणजे खांब पैलवानाच्या डोक्यातनं उगवणार नाही' याला आहे.

तालमीचा विषय निघालाच आहे तर 'ब्लर झालाय' या शब्दाबद्दल बोलतो, कारण त्यानं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लाल मातीच्या हौद्यातले फोटो अस्पष्ट येतात, आणि बघणारा 'हलला' म्हणून मोकळा होतो. अहो, पण काय हललं? मागची भिंत बघा. भिंत, माणसं, सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं असेल तर फोटो काढणाऱ्याचा हात हलला. भिंत लख्ख आणि पैलवानांचे हातपाय फराटे मारल्यासारखे असतील तर शटर हळू पडलं. सेकंदाच्या साठाव्या भागात कुस्ती थांबत नाही, पाचशेवा भाग तरी हवा. त्यासाठी आयएसओ 3200 करावा लागला आणि फोटोत बारीक दाणे आले तर येऊ देत. आणि भिंत लख्ख, पैलवान नुसते मऊ, फराटे कुठंच नाहीत, तर फोकस भिंतीवर गेला. तीन दुखणी, तीन औषधं. चुकीचं औषध दिलंत तर पोरगं महिनाभर श्वास रोखून फोटो काढत बसेल आणि पैलवान तसेच पुसट येतील.

माणूस बघूनही बोलावं लागतं. आमच्या गल्लीतल्या एक वहिनी जेवणाचे डबे देतात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे फोटो ट्यूबलाइटखाली वरून काढायच्या. मी म्हणालो, "वहिनी, कट दिसंना झालाय. ताट खिडकीशी न्या, ट्यूब बंद करा आणि खिडकी ताटाच्या बाजूला येईल असं बसा." बाजूच्या उजेडात तर्री चमकते, वरून काढलं की सपाट होते. पांढरा रस्सा पांढऱ्या वाटीत ठेवू नका, एवढं मात्र मी न राहवून जोडलं. एक सांगायचं म्हणतो आणि दोन सांगतो, काय करणार.

"माझा कॅमेराच साधा आहे" हे तर दर आठवड्याला ऐकतो. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा तयार केला, हे मी ऐकवतोच. पण कधी कधी पोराचं खरं असतं. मोबाइलच्या झूमनं गॅलरीतनं खासबाग कुस्ती मैदानातल्या पैलवानाचे डोळे टिपायचे म्हटलं तर चिखलच येणार. अशा वेळी 'पुढं जाऊन बस' म्हणा, नाहीतर 'हा फोटो या फोननं होत नाही' हे सरळ सांगा. त्यात त्याचा अपमान नाही.

परत काढायला सांगताना वेळही सांगा. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं एक दिवस पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. एका दिवसात उजेड किती सरकतो ते कोल्हापूरकराला वेगळं शिकवायला नको. तरीही रंकाळा तळ्यावर संध्यामठाचा फोटो काढून आलेल्याला आपण 'परत जा' एवढंच म्हणतो. किती वाजता, ते सांगत नाही. मी म्हणतो, "सूर्य बुडाल्यावर वीस मिनिटं थांब. सगळे भेळ खायला गेले की काढ."

गुऱ्हाळवाला पोरगा पुढच्या रविवारी आला. वाफ पांढरीशुभ्र, त्यातनं आबांचं अर्धं तोंड, कपाळावर घाम. बॅरल गायब. आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो. काहिलीचा काठ चांगलाच तिरका आला होता. मी चहा सांगितला. ते पुढच्या रविवारी बघू.