हतनूरच्या पाण्यावर नावेतून पक्षी पाहायचे तर

नाव आणि बेटं म्हटलं की आपल्याला कोकण आठवतं. पण भुसावळपासून तासाभराच्या आत, चांगदेवला तापी आणि पूर्णा भेटतात तिथून पुढे हतनूर धरणाचं पाणी पसरलेलं आहे. हिवाळा सरत जातो तसं पाणी उतरतं आणि गाळाची लहान लहान बेटं उघडी पडतात. महत्त्वाचं पक्षीक्षेत्र म्हणून या धरणाची नोंद आहे. काठावरून दुर्बिणीत नुसते ठिपके दिसतात, नावेतून चोचीचा रंग दिसतो. अट एकच, नाव कुठे थांबवायची ते कळलं पाहिजे.

कधी जावं

पावसाळ्यात ‘हतनूरचे ४१ दरवाजे उघडले’ अशी बातमी येते, त्या दिवसांत पाण्यात उतरायचं नावही काढू नका. ५ ते १२ नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहात उत्साह असतो, पण तेव्हा पाणी काठोकाठ आणि बेटं बुडालेली. माझ्या मते डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हा खरा काळ.

आदल्या दिवशी नाव ठरवा

इथे तिकीटखिडकी असेल हे गृहीत धरू नका. काठच्या गावातल्या मासेमारी करणाऱ्या भावांना आदल्या संध्याकाळी भेटा. सकाळी त्यांची जाळी काढायची घाई असते, त्यामुळे ऐनवेळी गेलात तर काठावर बसून राहाल. पैसे माणशी की फेरीचे, किती तास, परत कुठे सोडणार, हे आधीच बोलून घ्या. लाइफ जॅकेट नावाड्याकडे असेलच असं नाही, स्वतःचं न्या आणि पहिल्या मिनिटापासून घाला. गाळात पाय रुतला की पोहता येणाराही घाबरतो. एका लहान नावेत नावाडी धरून चार माणसं पुरे. धरणाच्या भिंतीकडे आणि दरवाज्यांकडे जायचं नाही, हेही तेव्हाच सांगून टाका.

काय घ्यावं

दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी. १० ची शक्ती ऐकायला बरी वाटते, पण हलत्या नावेत चित्र इतकं थरथरतं की डोकं दुखतं. कपडे मातकट रंगाचे. पांढरा शर्ट आणि लाल टोपी घरी ठेवा. कानटोपी आणि स्वेटर हवाच, जानेवारीत पहाटे तापीवर धुकं असतं आणि दहा वाजता तेच ऊन चटके देतं. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत.

पाण्यावर

सकाळी चांगदेवच्या बाजूने निघून पश्चिमेकडे सरकत जावं, म्हणजे ऊन पाठीवर राहतं आणि पक्ष्यांच्या अंगावर पडतं. उलटं गेलात तर चक्रवाकाचा केशरी रंगही काळाच दिसेल.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या खेपेला मी नावाड्याला म्हणत राहिलो, ‘अजून थोडं पुढे, अजून थोडं.’ समोर तलवार बदकं आणि लालसरी बदकांचा मोठा थवा होता. मग एकदम पाणी फुटल्यासारखा आवाज झाला आणि सगळं आकाशात. नावाडी शांतपणे म्हणाला, ‘उडाले भो सगळे.’ तो थवा त्या दिवशी पुन्हा बसला नाही.

तेव्हापासून मी वारकऱ्यांकडे बघतो. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला हा पाणपक्षी. आषाढी वारीसाठी मुक्ताईची पालखी आमच्याकडून पंढरपूरला निघते, हिवाळ्यात यांची दिंडी पाण्यावर भरते. नाव जवळ आली की आधी माना वर होतात. मग चरणं थांबतं आणि सगळे एकाच दिशेला पोहू लागतात. इथेच थांबायचं. याच्या पुढची पायरी म्हणजे ते पाण्यावर पाय आपटत धावू लागतात, आणि त्यांच्या मागोमाग बदकंही उठतात. थव्यापासून बरंच लांब, वारा जिकडून येतो त्या अंगाला इंजिन बंद करायला सांगा. वारा नावेला आपोआप, तिरकी, हळूहळू सरकवतो. उथळ जागी बांबूने रेटता येतं. कुणी उभं राहायचं नाही, कुणी बोट दाखवायचं नाही. दहा मिनिटं असं बसलात की मघाशी लांब गेलेली टिबुकली नावेपासून काही हातांवर बुडी मारून वर येते.

थर्मोकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या तर खाली जाळं आहे. वळसा घाला, कुणाच्या तरी पोटाचा प्रश्न असतो.

पाण्यातल्या वाळलेल्या झाडांचे शेंडेही बघत चला. पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात, आणि नशीब असेल तर कैकर. पक्षीवाले त्याला ऑस्प्रेच म्हणतात. तो पाय पुढे करून पाण्यात झेपावतो आणि मासा नेताना त्याचं डोकं पुढे करून धरतो, म्हणजे वारा कमी अडवतो. हे एकदा दुर्बिणीत पाहिलं की बाकी यादी विसरली जाते.

बेटावर उतरू नका

उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर हे विशेष पाळा. नदी सुरय उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालते, आणि ती वाळूच्याच रंगाची असतात. पायाखाली येतील आणि कळणारही नाही. नाही आली तरी आई उठून गेली की खानदेशी उन्हात ती अंडी भाजायला फार वेळ लागत नाही. डोक्यावर सुरय ओरडत घिरट्या घालू लागली, तर नाव लगेच मागे घ्या.

परतल्यावर

मोजायचं असेल तर थव्यातले दहा नीट मोजा, ते दहा किती जागा व्यापतात ते बघा आणि तेवढे तुकडे नजरेने मांडत जा. यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येते. आकडे मात्र नावेतून उतरल्या उतरल्या वहीत लिहा. शेतावर काटक्यांत भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी वाट बघत असते, आणि जेवणानंतर तीनशे वारकऱ्यांचे पाचशे होतात.