जुन्या स्पोर्टी गाडीतल्या गाण्यांचा आवाज सुधारायचाय तर सुरुवात दारापासून करा

आपल्या खान्देशात जुन्या दमदार गाड्या जपणारे लोक बरेच आहेत, कुणाकडे सिटी व्हीटेक, कुणाकडे पॅलिओ 1.6, कुणाकडे सीडिया, एखाद्याकडे ती दोन सीटची सॅन स्टॉर्मसुद्धा. इंजिन अजून मस्त असतं पण टेप लावला की पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखा वाजतो. मग भाऊ सरळ कार डेकोरवाल्याकडे जातो, मोठा अँप (अँप्लिफायर) आणि मोठा सब (फक्त बेसचा सबवूफर) घालून आणतो आणि आवाज नुसता मोठा होतो, चांगला होत नाही. माझं ठाम मत आहे की पहिला पैसा दारावर आणि वायरिंगवर घाला, स्पीकर त्यानंतर, अँप त्याच्याही नंतर, आणि सब तर वाटला तरच.

दारच का, तर ऐका. स्पीकर जेवढी हवा पुढे ढकलतो तेवढीच मागे पण ढकलतो, आणि दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी मोठी भोकं असतात, त्यातून मागचा आवाज पुढे येऊन पुढच्या आवाजाला मारतो आणि बेस तिथल्या तिथेच संपतो. डोअर पॅड काढलं की आत काळ्या चिकट गमने लावलेला प्लास्टिकचा कागद दिसेल, जुन्या गाडीत तो बहुतेक फाटलेला असतो. तो काढा, गम रॉकेल किंवा थिनरने पुसून घ्या, मग बाहेरच्या पत्र्यावर आतल्या बाजूने डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर थांबवणारी चिकट शीट, चिकटवा आणि रोलरने चांगली दाबा. पूर्ण पत्रा मढवायची गरज नाही, मधला मोठा भाग झाला तरी चालतं. नंतर आतल्या पत्र्याची भोकं बंद करा, मोठ्या भोकाला नुसती शीट लावली तर ती हलत राहते म्हणून तिथे आधी पातळ प्लास्टिकचा किंवा अॅल्युमिनियमचा तुकडा बसवा आणि वरून शीट. फक्त दाराच्या तळाची पाणी जायची भोकं अजिबात बुजवू नका, नाहीतर पावसाळ्यात आत पाणी साचून दार खालून सडेल. बोटाने बाहेरचा पत्रा वाजवून बघा, आधी टण्ण वाजायचा, आता ठप्प वाजेल, तो ठप्प आला की समजायचं काम झालं.

शीट घेताना ब्युटाइल रबराचीच घ्या. डांबराची स्वस्त शीट पुण्या-नाशिकला चालत असेल कदाचित, पण आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीचं दार हात लावू देत नाही, तिथे डांबर मऊ होऊन खाली घसरतं आणि गाडीभर वास सुटतो.

आता स्पीकर. गाडीबरोबर आलेल्या जुन्या स्पीकरच्या कडेला फोमची रिंग असते, बोट लावून बघा, भुगा पडला तर तो स्पीकर गेला, त्याच्यावर वेळ घालवू नका. नवीन घेताना रबर सराउंडवाला घ्या आणि जमलं तर कंपोनंट सेट घ्या, म्हणजे ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) वेगळा येतो आणि वर आरशाच्या कोपऱ्यात बसतो, गाणाऱ्याचा आवाज पायापाशी न राहता समोरून येतो. डब्यावर लिहिलेल्या पीक वॅटकडे बघूच नका, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे खरे वॅट, किती ते बघा. टेपचंही तेच, वर 50 गुणिले 4 लिहिलेलं असतं पण प्रत्यक्षात चॅनेलला साधारण 20 वॅट आरएमएसच्या आसपासच मिळतात, म्हणून बिनाअँप चालवायचं असेल तर जास्त सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे कमी वॅटमध्ये मोठा वाजणारा, स्पीकर निवडा. बसवण्याआधी काच पूर्ण खाली करून मॅग्नेटला लागत नाही ना ते बघाच, हे विसरलं की परत सगळं खोलावं लागतं. आणि स्पीकरखालची रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) नको, पावसाळ्यात फुगते, जाड पीव्हीसीची कापून घ्या.

वायरिंगमध्ये जुन्या गाडीत कुणी काय जोडून ठेवलंय सांगता येत नाही. टेपच्या हार्नेसचे (मागच्या वायरींच्या जुडग्याचे) रंग बहुतेक ठिकाणी ठरलेले असतात, पिवळी कायम बॅटरी, लाल चावीची, काळी अर्थ, पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, आणि काळ्या रेघेची ती निगेटिव्ह. गाडीच्या बाजूचे रंग मात्र वेगळे असू शकतात म्हणून मीटर लावूनच जोडा. प्लस-मायनस तपासायला घड्याळाचा 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर स्पीकरच्या वायरला लावा, कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली वायर प्लस. हे ट्वीटरला करू नका. एक स्पीकर जरी उलटा लागला तरी बेस गायब होतो, आणि कितीतरी गाड्यांत एवढीच गडबड असते भो, लोक विनाकारण नवीन स्पीकर घेतात.

अँप लावत असाल तर पॉवर वायर थेट बॅटरीवरून, आणि फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटीमीटरच्या आत, यात तडजोड नको, वायर घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटते. वायर तांब्याचीच घ्या. एक तार ब्लेडने खरवडून बघा, आत चांदीसारखी पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची आहे, अॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण 60 टक्केच करंट वाहतं. अर्थसाठी रंग घासून उघड्या लोखंडाला बोल्ट मारा, गाडीची बॉडी फायबरची असेल तर चॅसिसपर्यंत वायर न्या. इंजिनच्या वेगाबरोबर झींऽऽ वाढत असेल तर बहुतेक अर्थच ढिला असतो, नाहीतर टेपपासून अँपकडे जाणारी आरसीए वायर पॉवरच्या शेजारून गेलेली असते, दोन्ही गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्या.

मग सेटिंग. अँपवरचं गेनचं बटण म्हणजे व्हॉल्यूम नाही, टेपचा सिग्नल अँपशी जुळवायला ते असतं. बेस बूस्ट, लाउडनेस सगळं बंद, इक्वलायझर शून्यावर, टेपचा आवाज तीन चतुर्थांश, गेन एकदम खाली, आणि मग हळूहळू वाढवत आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या. दारातल्या स्पीकरला 80 हर्ट्झचा हायपास लावा, म्हणजे त्याच्या खालचा बेस तिथे जात नाही, सब असेल तर त्याला 80 चा लोपास, म्हणजे फक्त त्याखालचा बेस जातो. टेपमध्ये टाइम अलाइनमेंट (दोन्हीकडचा आवाज एकाच वेळी कानाशी आणायची सोय) असेल तर टेपपट्टीने दोन्ही स्पीकर आपल्या डोक्यापासून किती लांब आहेत ते मोजा, आपण उजवीकडे बसतो म्हणून उजवा जवळ असतो, फरक 50 सेंटीमीटर असेल तर उजव्याला दीड मिलिसेकंद थांबवा. आवाज लगेच डॅशबोर्डच्या मध्यावर येतो, आणि ह्याला एक रुपया लागत नाही.

गाणी व्हॉट्सअॅपवर फिरत आलेली नको. आपली अहिराणी गाणी तर अशी हातोहात फिरून इतकी दाबली जातात की सिस्टीम कितीही चांगली असो, वरचा आवाज किरकिराच येतो. 320 केबीपीएसची (कमी दाबलेली) एमपी3 किंवा फ्लॅक (दर्जा न घालवणारी) फाईल पेनड्राइव्हवर घ्या.

शेवटची टेस्ट घरासमोर उभ्या गाडीत घेऊ नका, धुळे हायवेला 80 च्या स्पीडने जाऊन घ्या, कारण टायर आणि सायलेन्सरचा आवाज खालच्या बेसलाच झाकतो. तिथे कमी वाटला तर बेस दोन-तीन डीबीच वाढवा. पहिला उन्हाळा गेला की एकदा डोअर पॅड काढून शीटच्या कडा दाबून घ्या आणि अर्थचा बोल्ट कसून टाका.