घरावरची नाताळची रोषणाई: फ्यूज आणि उत्साह दोन्ही उडवणाऱ्या या चुका टाळा

थँक्सगिव्हिंग झालं की आमच्या न्यू जर्सीच्या मराठी ग्रुपवर दरवर्षी तेच फोटो यायला लागतात, अर्धी माळ चालू अर्धी बंद, आणि खाली "कुणाला माहितीये का हे काय झालंय?" मग कुणीतरी सांगतं, टाकून द्या आणि नवीन आणा. जानेवारीत परत तीच मंडळी, "पुढच्या वर्षी नको बाबा हे, थंडीत कोण करतं एवढं, आणि कशासाठी". मला विचाराल तर ही दोन्ही दुखणी एकाच ठिकाणाहून येतात, ती म्हणजे लाइटिंग कुणासाठी लावायचं हे ठरायच्या आधीच आपण दुकानात जातो. ते एकदा ठरलं ना की माळा किती, उजेड किती, शिडी किती उंच, बंद किती वाजता, सगळं निम्म्याने सोपं होतं.

समोरच्या घराकडे बघून खरेदी

समोरच्याने बारा फुटी हवेचा सांता उभा केला म्हणून आपण रेनडिअर आणायचे, मग तो छपरावर माळा लावणार, मग आपण झाडांवर. यात मजा नाही असं नाही, ब्रुकलिनमधल्या डायकर हाइट्सला १९८० च्या दशकात अशाच घरगुती हौसेतून सुरुवात झाली आणि आता तिथे डिसेंबरमध्ये टूरच्या बसेस येतात, बरीच घरं तर माणसं लावून सजवून घेतात. पण चढाओढीत एक होतं, आपण काय लावलंय त्यापेक्षा त्याच्यापेक्षा किती कमी लावलंय हेच दिसत राहतं.

गंमत म्हणजे या सगळ्याची सुरुवात आपल्याच गल्लीत झालीय. एडिसन टाउनशिप, जिथे ओक ट्री रोडला आपण किराणा आणायला जातो, तिथेच मेन्लो पार्कला थॉमस एडिसनची प्रयोगशाळा होती, आणि १८८० च्या नाताळात त्याने विजेच्या दिव्यांच्या माळा इमारतीच्या बाहेरून लावल्या, बाजूने रेल्वे जायची तिच्यातल्या लोकांना त्या दिसायच्या. धंद्याचं डोकं होतंच म्हणा, वीज विकायची होती त्याला. मग २२ डिसेंबर १८८२ ला त्याचाच सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कला स्वतःच्या घरात नाताळच्या झाडावर लाल, पांढरे, निळे असे ८० बल्ब लावले, आणि झाड गोल फिरणारं! म्हणजे एक रोषणाई रस्त्याने जाणाऱ्यांसाठी आणि दुसरी घरातल्यांसाठी. आजही प्रश्न तोच आहे आणि बहुतेक लोक तो स्वतःला विचारतच नाहीत.

रस्त्यावरच्यांसाठी असेल तर खरेदीच्या आधी संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहा आणि बघा नजर पहिली कुठे जाते, दारावर, एखाद्या झाडावर, पोर्चच्या कठड्यावर, तिथून सुरुवात करा आणि पहिल्या वर्षी तिथेच थांबा. एक दार नीट उजळलेलं असेल तर ते अख्ख्या घरावर पसरलेल्या विस्कळीत माळांपेक्षा छान दिसतं, हे माझं ठाम मत आहे.

आणि घरातल्यांसाठी असेल तर? इथे सगळे चुकतात. बाहेरून घर झगमगतं आणि आत बसलेल्या माणसाला फक्त खिडकीच्या चौकटीवरून गेलेली काळी वायर दिसते. इकडे डिसेंबरमध्ये साडेचारला सूर्य मावळतो, आईबाबा भारतातून सहा महिने आलेले असले की त्यांना ते अंधाराचं फार लागतं, गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ, मुलं शाळेतून येऊन आपापल्या खोलीत, आणि नंतर सगळं शांत. त्यांच्या खुर्चीतून जे झाड दिसतं त्यावर दोन माळा गुंडाळा, आणि टायमर नका लावू, स्विच त्यांच्या हातात द्या. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की बाहेरचा दिवा लावायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. नातवंडांना रंग निवडू द्या, मग भले ते जांभळं आणि नारिंगी एकत्र का निवडेनात.

पुण्याहून सुटकेसमधून आलेल्या माळा

दिवाळीनंतर स्वस्तात मिळाल्या म्हणून कुणीतरी भरून आणतंच. त्या २३० व्होल्टसाठी बनवलेल्या असतात आणि इथे भिंतीत १२० व्होल्ट, त्यामुळे पिन बदलणारा अडॅप्टर लावून उपयोग नाही, कारण तो फक्त पिनचा आकार बदलतो. माळ मिणमिणते किंवा पेटतच नाही, आणि मग आणणारा बिचारा दुकानदाराला शिव्या घालतो. उलटं जास्त वाईट, इथली माळ हौसेने तिकडे नेऊन लावली की क्षणात खलास. तिकडून आणायचंच असेल तर आकाशकंदील आणा, घडी होतो, वजन नाही, आणि आत इथला एलईडी बल्ब आणि होल्डर लावता येतो. तो नाताळपर्यंत दारात राहिला तरी काही बिघडत नाही, वसईत नाताळला घराघरावर कागदी तारा लटकतोच ना.

आता ती अर्धी बंद माळ

जुन्या पद्धतीच्या छोट्या बल्बच्या माळेत साधारण अडीच व्होल्टचे पन्नास बल्ब एकापाठोपाठ जोडलेले असतात, सगळे मिळून १२० व्होल्टच्या आसपास. शंभरची माळ म्हणजे अशा दोन ओळी, म्हणून एका ओळीत बिघाड झाला की बरोब्बर अर्धी माळ जाते. बल्बच्या आत तारेजवळ शंट नावाचा बारीक तुकडा असतो, फिलामेंट तुटलं की तो वीज पुढे जाऊ देतो, त्यामुळे एक बल्ब जळला तरी बाकीचे चालू राहतात. पण बल्ब खोबणीत सैल असेल किंवा निघून पडला असेल तर शंट काय करणार, साखळीतला एक हातच सुटलेला असतो. म्हणून आधी बंद भागातला प्रत्येक बल्ब बोटाने दाबून बघा, निम्म्या वेळा तिथेच काम होतं. नाही झालं तर माळ काढून एकेक बल्ब उपटा, खालच्या दोन बारीक तारा नीट वळलेल्या आहेत का बघा, आणि ज्याबद्दल खात्री आहे असा बल्ब एकेका जागी लावत चला. कंटाळवाणं आहे, पण चहा घेऊन जमिनीवर बसून दोघांनी केलं तर गप्पा छान होतात.

एक बल्ब गेला तर काय फरक पडतो असं म्हणून सोडून देणं ही मात्र महागातली चूक आहे. गेलेल्या बल्बच्या वाटणीचं व्होल्टेज उरलेल्यांवर पडतं, ते जास्त तापतात, लवकर जातात, आणि मग एका रात्रीत अख्खी ओळ जाते. बदलायचा बल्ब त्याच व्होल्टचा हवा, पस्तीस बल्बच्या माळेतला पन्नासच्या माळेत नाही चालत, दिसायला सारखे असले तरी.

पूर्ण माळ बंद असेल तर प्लगवरची सरकती झडप उघडा, आत काचेचे चिमुकले फ्यूज असतात. फ्यूज जळाला असेल तर बदला, पण का जळाला तेही बघा, बहुतेक वेळा एकापुढे एक पाच-सहा माळा जोडलेल्या असतात. किती जोडायच्या ते माळेच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. त्याच चिठ्ठीवर यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेची खूण असते, हिरवी असेल तर माळ फक्त घरात लावायची, लाल असेल तर बाहेरही चालते. एलईडीच्या माळा डोळ्याला फडफडल्यासारख्या वाटत असतील तर पुढच्या वेळी खोक्यावर फुल वेव्ह लिहिलेलं घ्या, स्वस्तातल्या बऱ्याच माळा सेकंदाला साठ वेळा लुकलुकतात आणि काहींचं त्याने डोकं दुखतं.

पाऊस पडला की सगळं बंद

बाहेरच्या सॉकेटला जीएफसीआय नावाचं सुरक्षेचं यंत्र असतं, पाच मिलीअँपच्या आसपास वीज गळली तरी ते पुरवठा तोडतं. हा बिघाड नाही, ते तुमचा जीव वाचवतंय. यावर गॅरेजमधल्या दुसऱ्या साध्या सॉकेटमधून वायर ओढणारे महाभाग आहेत, कृपा करून तसं करू नका. सगळे प्लग काढा, रीसेट दाबा, मग एकेक जोडत जा, ज्याला जोडल्यावर पडेल तिथे पाणी गेलंय. ती माळ आत आणून वाळवा. जोड जमिनीवर, पानांच्या ढिगात किंवा बर्फात लोळत ठेवू नका, विटेवर, खुंटीवर, कशावर तरी उचलून ठेवा, आणि वायर प्लगच्या आधी थोडी खाली झुकवा म्हणजे पाणी तिथून टपकून जाईल. एक्स्टेन्शन कॉर्डही बाहेर वापरायला बनवलेलीच हवी. आणि खार! खारी वायर कुरतडतात, त्यामुळे अचानक मधूनच माळ गेली तर बल्बच्या आधी वायर बघा, कुरतडलेली माळ सरळ फेकायची, टेप लावत बसायचं नाही.

लोडचं गणित थोडक्यात. १५ अँपच्या सर्किटवर सतत चालणारं लोड ८० टक्के, म्हणजे १४४० वॅट. जुने मोठे सी नाइन बल्ब सात वॅटचे, पंचवीसची माळ १७५ वॅट, आठ माळांत सर्किट भरलं, आणि त्याच सर्किटवर गॅरेजमधला फ्रीज असेल तर दिवे आणि फ्रीज दोन्ही गेले. शंभर छोट्या एलईडींची माळ सहा-सात वॅटची असते. तरी काही लोक जुन्या बल्बच्या उबदार रंगासाठी जीव टाकतात, मला कळतं ते, दारापुरते ठेवा.

शिडीवर एकट्याने चढणं, बस्स. इथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे सणाच्या दिवसांत सजावट करताना रोज सुमारे १६० लोकांना इजा होते, त्यातले जवळपास निम्मे पडून. चार फूट उंचीला एक फूट शिडीचा पाया बाहेर, खाली धरणारा माणूस, आणि छपराला खिळे किंवा स्टेपल नाही, प्लॅस्टिकच्या क्लिपा. ज्या घरात बाबा छपरावर आणि बाकीचे आत टीव्हीसमोर, त्या घरात बाबांनाच जानेवारीत हे सगळं निरर्थक वाटतं, यात नवल काय.

गोठा हा शो पीस नाही

छान दिसतो म्हणून येशूजन्माचा देखावा आणायचा आणि त्यात सांता, मिकी माउस, जागा उरली तर गणपतीही ठेवायचा. आपल्याला वाटतं सर्वधर्मसमभाव, पण शेजारच्या कॅथलिक आजीला ते कसं वाटत असेल? बऱ्याच घरांत बाळ येशूची मूर्ती २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत ठेवतच नाहीत, गव्हाण रिकामी असते, ती वाट बघण्याचाच काळ असतो. वसईच्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींना विचारा, गोठा बांधायला पोरं किती रात्री जागतात ते. गोठा ठेवायचा तर शेजाऱ्यांना विचारून, समजून ठेवा. विचारायच्या निमित्ताने बोलणं होतं आणि केकही येतो घरी. नाहीतर नुसते दिवे लावा, त्यांना कुणाची हरकत नसते.

रस्त्याचा विचार न करणं. ओहायोतल्या मेसन गावच्या कार्सन विल्यम्सचा संगीतावर नाचणाऱ्या दिव्यांचा व्हिडिओ २००५ मध्ये जगभर फिरला, गाणं त्याने एफएमवर सोडलं होतं म्हणजे शेजाऱ्यांना आवाज नको, इतका विचारी माणूस. पण बघायला गाड्यांची एवढी रांग लागली की जवळच अपघात झाला तेव्हा पोलिसांना पोचणं अवघड झालं, आणि त्याने स्वतःहून तो शो बंद केला. आपली झेप तेवढी नसली तरी लुकलुकणारा दिवा समोरच्या बेडरूममध्ये जात नाही ना एवढं रात्री जाऊन बघा, दहा-साडेदहाला बंद करा, आणि लेझरवाला प्रोजेक्टर आकाशाकडे जाऊ देऊ नका, वैमानिकांच्या डोळ्यांवर येतो म्हणून एफएए, म्हणजे इथलं विमान वाहतुकीचं सरकारी खातं, दर सणाला बजावतं, आणि आपल्या डोक्यावरून नेवार्क विमानतळाची विमानं जात असतात.

टायमर दिवाळीत लावून विसरलात तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे गेल्यावर सगळं एक तास आधीच चालू आणि बंद होतं. अंधार पडला की पेटणारा सेन्सर असेल आणि पेटतच नसेल, तर पोर्चचा दिवा त्याच्यावर पडतोय का बघा, दहात नऊ वेळा तेच असतं.

उतरवायची घाई आणि आळस

२६ तारखेला सकाळी सगळं ओरबाडून काढणारे एक, आणि होळीपर्यंत ठेवणारे दुसरे. इथल्या वीज नियमावलीत अशा तात्पुरत्या रोषणाईला ९० दिवसांची मुदत आहे, म्हणजे २०२५ सारखी २०-२१ ऑक्टोबरला दिवाळी आली आणि तेव्हाच लावलंत तर जानेवारीच्या मध्यानंतर संपलं. त्याआधी एचओएची, म्हणजे वसाहतीच्या सोसायटीची, तारीख असेल ती वेगळी. बरीच ख्रिस्ती घरं ६ जानेवारीपर्यंत ठेवतात, तो दिवस चांगला आहे, तोवर शाळाही सुरू झालेल्या असतात आणि रस्ता एकदम काळा नाही पडत. खालून खेचून माळ काढू नका, बल्बच्या मुळाशी वायर तिथेच तुटते. पुठ्ठ्यावर गुंडाळा, पिशवीवर मार्करने लिहा, दार, डावी खिडकी, आईच्या खुर्चीसमोरचं झाड, आणि आत त्याच माळेचे दोन जादा बल्ब आणि फ्यूज टेपने चिकटवून ठेवा.