जपानी छाप आधी उलटा करून बघा

चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर फ्रेममध्ये जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट दिसली, तर पाकिटाला हात लावायच्या आधी म्हणायचं, "चाचा, फ्रेम खोलके दिखाओ." तो कुरकुरेल. कुरकुरू दे. पहिल्या वेळी मला हे म्हणायची लाज वाटली आणि १,८०० रुपये मोजून मी कुठल्याशा कॅलेंडरचं पान घरी आणलं. गिरगावात ३० वर्षं ऑफसेट छपाईचं मशीन चालवलेला माणूस मी! घरी भिंग लावलं, तर लाटेच्या फेसात चार रंगांचे ठिपके. आमच्याच धंद्याचे.

म्हणून भिंग खिशात हवंच. अस्सल जपानी छाप लाकडी ठशाचा, त्यात असे ठिपके नसतात. रंग सलग बसतो, कुठे कुठे लाकडाच्या रेषाही उमटलेल्या असतात.

पण खरी परीक्षा कागद उलटा केल्यावर. हे छाप यंत्राखाली दाबलेले नसत. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद जरा ओलसर करून ठशावर पसरायचा आणि 'बारेन' नावाच्या चपट्या गोल गादीने पाठीवरून घासायचा. त्यामुळे रंग तंतूंत मुरतो, मागे झिरपतो आणि घासल्याच्या गोलसर खुणा राहतात. पाठ कोरी, गुळगुळीत असेल तर मी पुढे बोलतच नाही. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. रजिस्टर, म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका बसणं, जुळवायला ठशावरच दोन खाचा कोरायच्या, त्यांना 'केंतो' म्हणतात. आमचं एवढं मोठं मशीन, तरी रजिस्टर हलायचं आणि मालक डोकं खायचा. इथे दोन खाचा आणि कारागिराचा हात, बस.

मात्र ठशाचा आहे म्हणजे जुना आहे, असं नाही. लाट १८३१च्या आसपासची; तिचे ठसे पुढे कितीदा तरी नव्याने कोरले गेले. असा छाप खुशाल घ्या, पण भाव नव्याचाच द्या.

मला विचाराल तर लाटेचा नाद सोडा आणि योशिदा हिरोशी या जपानी चित्रकाराचे छाप शोधा. हा १९३०-३१मध्ये आपल्याकडे फिरून गेला आणि त्याने अजिंठा-वेरूळचेही छाप केले. डाव्या समासात 'जिझुरी' हा शिक्का आहे का बघा. म्हणजे छपाई त्याच्या स्वतःच्या देखरेखीखाली झालेली.

आता लावायचा कुठे? व्हॅन गॉगने १८८६-८७च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये बिंग नावाच्या व्यापाऱ्याकडून साडेसहाशेच्या वर छाप घेतले आणि स्टुडिओच्या भिंतींवर टाचले. त्यातल्या काहींना टाचण्यांची भोकं अजून दिसतात. याच्या उलट बॉस्टनचे संग्राहक स्पॉल्डिंग बंधू. १९२१मध्ये त्यांनी तिथल्या संग्रहालयाला ६,५०० छाप दिले, ते कधीच प्रदर्शनात लावायचे नाहीत या अटीवर. लोक तेव्हा हसले असतील, पण त्यातले नाजूक निळे-जांभळे आजही ताजे आहेत.

मी व्हॅन गॉगच्या वाटेने गेलो. दादरच्या घरात पश्चिमेच्या खिडकीसमोर एक छाप लावला आणि दोन उन्हाळ्यांत बाईच्या किमोनोचा जांभळा रंग राखाडी झाला. फ्रेमवाल्याने तो हार्डबोर्डला सपशेल चिकटवलाही होता. तेव्हा सांगून ठेवा, गोंद लावायचा नाही. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चची खळ आणि मागे अ‍ॅसिड-फ्री पुठ्ठा.

आपल्याकडे उन्हाहून वाईट पावसाळा. बुरशी येते, कसर लागते. छाप कपाटात आडवे ठेवा, मधल्या खणात. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बदला.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बाहेर काढायचे. मुळात हे छाप हातात घेऊन बघायचेच. दिवा डोक्यावर नको, बाजूला ठेवा. तिरप्या उजेडात कधी कधी किमोनोवर रंगाविना नुसती दाबून उठवलेली नक्षी दिसते; समोरून तिचा पत्ताही लागत नाही. आमच्याकडे त्या वेळी पंखा बंद असतो आणि चहा दुसऱ्या खोलीत.