सव्वीस महिन्यांचं उत्तर

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी अकाउंट्सच्या कामात सहा वर्षं मुरले होते. त्यांच्यापाशी राहायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून नोकरी सोडली. पुन्हा अर्ज भरायला बसले तेव्हा मधे सव्वीस महिने गेले होते.

पहिल्या मुलाखतीत समोरच्या बाईंचं पेन माझ्या सीव्हीवरच्या दोन तारखांच्या मधे थांबलं. "या काळात काय केलंत?" एवढंच त्यांनी विचारलं. मी बोलत सुटले. हॉस्पिटल, फिजिओथेरपी, नळीने भरवणं, रात्रीची जागरणं. त्या मन लावून ऐकत होत्या, एकदा पाणीही पुढे केलं. पण मी थांबले तेव्हा वेळ संपत आली होती आणि माझ्या कामाबद्दल जेमतेम दोन प्रश्न झाले होते. त्यांना माझ्याबद्दल वाईट वाटलं, पण मला काय येतं हे कळलंच नाही.

गॅपबद्दल विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा तीनच शंका असतात, हे मला पुढच्या दोन-तीन मुलाखतींत उमगलं. ही पुन्हा मधेच सोडून जाईल का? काम विसरली तर नाही ना? काही लपवत तर नाही ना? मग मी उत्तर लिहून काढलं आणि मोठ्याने म्हणून म्हणून घासलं: "वडिलांच्या आजारपणात सव्वीस महिने मी पूर्ण वेळ घरी होते. आता त्यांची कायमची व्यवस्था लागली आहे आणि मी पूर्ण वेळ काम करू शकते. मधल्या काळात एका लहान संस्थेचे हिशोब मी सांभाळले, त्याबद्दल सांगू का?" तीन वाक्यं, तीन शंका. शेवटच्या प्रश्नामुळे बोलणं आपोआप कामावर येतं.

तो संस्थेचा हिशोब मी आधी सीव्हीत लिहिलाच नव्हता. पगार नाही म्हणजे ते काम नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं. तुमच्याही मधल्या काळात असं काही असेल तर शोधा. नसेल तर मात्र ओढूनताणून उभं करू नका. "घरच्या जबाबदारीसाठी ब्रेक, मार्च 2021 ते एप्रिल 2023" एवढी सरळ ओळही पुरते. लिंक्डइनने 2022 मध्ये प्रोफाइलवर करिअर ब्रेकसाठी वेगळी जागाच दिली.

सीव्हीच्या मांडणीबद्दल एक उपयोगाची गोष्ट. ब्रिटनमध्ये 9,022 अर्ज खऱ्या कंपन्यांना पाठवून केलेला एक प्रयोग 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. नोकरीपुढे अमुक साल ते तमुक साल न लिहिता "किती वर्षं" एवढंच लिहिलं, तर गॅप दिसणाऱ्या सीव्हीपेक्षा सुमारे 15 टक्के जास्त बोलावणी आली. मी नोकरीपुढे ठळक "6 वर्षं" लिहिलं आणि ब्रेकची ओळ खाली ठेवली. वाचणाऱ्याची नजर आधी अनुभवावर जावी, एवढाच हेतू.

तारखा ताणू मात्र नका. मलाही एकाने "दोन-चार महिने इकडचे तिकडे कर" असं सुचवलं होतं. पण कंपनी जुन्या ठिकाणी चौकशी करते, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख विचारते. झाकली मूठ इथे अंगाशी येते, तीही कधीकधी ऑफर हातात पडल्यावर. ऑनलाइन फॉर्म महिना मागत असेल तर खरा महिना भरा.

स्वतःच्या आजारपणामुळे गॅप पडली असेल तर आजाराचं नाव सांगायची गरज नाही. "प्रकृतीचं कारण होतं, आता कामाला पूर्ण तयार आहे" एवढं पुरे. कपातीत नोकरी गेली असेल तर तसंच म्हणा, जुन्या साहेबांवर घसरू नका. आणि कुणी विचारायच्या आधीच "कमी पगार चालेल" म्हणू नका. मी म्हणाले होते, आणि पुढची सगळी बोलणी कमी पगार धरूनच झाली.

काम विसरलो नाही हे तोंडाने सांगून पटत नाही. मी महिनाभर रोज सकाळी तासभर एक्सेल उघडून बँक रिकन्सिलिएशनचा, म्हणजे आपल्या नोंदी बँकेच्या नोंदींशी जुळवून पाहण्याचा, सराव केला. ज्या मुलाखतीतून नोकरी लागली तिथे माझ्यासमोर लॅपटॉप ठेवला, दोन याद्या दिल्या आणि ताळमेळ लावायला सांगितलं. फरक 540 चा येत होता. फरकाला 9 ने नि:शेष भाग जातो तेव्हा आधी आकड्यांची अदलाबदल शोधायची, ही जुनी सवय हातात होतीच. 5,710 च्या जागी कुणीतरी 5,170 टाकलं होतं. मी ती ओळ पिवळी केली आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. त्यानंतर सव्वीस महिन्यांबद्दल त्यांनी एवढंच विचारलं, की वडील आता कसे आहेत.